दाराशेजारचा परवाना आणि त्यावरचे तारे

नॉर्थ कॅरोलायनातील बहुतेक डे-केअरमध्ये आत शिरल्याबरोबर दर्शनी भिंतीवर चौकटीत लावलेला एक कागद दिसतो. तो राज्य सरकारचा परवाना असतो आणि त्यावर त्या केंद्राने मिळवलेले तारे, एक ते पाच, छापलेले असतात. रॅले शहराला लागून असलेल्या कॅरी आणि मॉरिसव्हिल या गावांत मराठी कुटुंबे बरीच आहेत. आई-वडील दोघेही नोकरी करणारे, आजी-आजोबा व्हिसाच्या मुदतीपुरते येणारे, त्यामुळे बाळ चार-पाच महिन्यांचे झाले की घरोघरी या ताऱ्यांची चर्चा सुरू होते. "फाइव्ह स्टार आहे का?" हा पहिला प्रश्न असतो आणि बहुतेक वेळा तोच शेवटचाही ठरतो. मी अशाच एका केंद्रात तीन वर्षांच्या मुलांच्या वर्गावर काही वर्षे काम केले. त्याआधी सांगलीत दोन वर्षे बालवाडीत शिकवले होते. तारे कसे मिळतात, त्यांच्यामुळे काय सुधारते आणि त्यांच्यात काय मावत नाही, हे आतून पाहिल्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहावे असे मनात होते.

पूर्वी अमेरिकेत डे-केअरला परवाना असे किंवा नसे, एवढाच भेद होता. परवाना म्हणजे किमान सुरक्षिततेची हमी. त्यापलीकडे एक केंद्र दुसऱ्यापेक्षा बरे की वाईट हे पालकांनी ऐकीव माहितीवर ठरवायचे. १९९८ मध्ये ओक्लाहोमा राज्याने ताऱ्यांची पद्धत सुरू केली आणि लगेचच नॉर्थ कॅरोलायनाने परवान्यालाच तारे जोडले. एक तारा म्हणजे कायद्याच्या किमान अटी पूर्ण. त्यावरचे तारे केंद्राने स्वतःहून, मूल्यमापनाला सामोरे जाऊन मिळवायचे. (चर्चसारख्या धार्मिक संस्थांनी चालवलेल्या केंद्रांना ताऱ्यांविना चालण्याची मुभा आहे, त्यामुळे तारे दिसले नाहीत म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे असे समजू नये.) सरकारी अनुदानावर येणाऱ्या मुलांसाठी केंद्राला मिळणारा दरही ताऱ्यांप्रमाणे चढता असतो, म्हणून चालकांना वर जाण्याचे आर्थिक कारणही असते.

मी काम करत असताना हिशेब एकूण १५ गुणांचा होता. ७ गुण केंद्राच्या कामकाजाला, ७ गुण कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाला आणि उरलेला १ गुण गुणवत्तेसाठी केलेल्या जादा प्रयत्नाला. १३ गुणांपासून पुढे पाच तारे. अलीकडे या नियमांत बदल होऊ लागले आहेत आणि केंद्रांना तारे मिळवण्याचे एकाहून अधिक मार्ग दिले जात आहेत. मी लिहिते आहे तो अनुभव आधीच्या पद्धतीतला आहे. कामकाजाच्या गुणांत मुलांमागे शिक्षक किती हे पाहिले जाते. तीन वर्षांच्या मुलांसाठी कायद्याची किमान अट १५ मुलांमागे एक शिक्षक अशी होती, पण वरचे गुण हवे असतील तर १० मुलांमागे एक शिक्षक ठेवावा लागे. एका शिक्षिकेच्या हाती तीन वर्षांची पंधरा मुले आणि दहा मुले यांत काय अंतर आहे, हे ज्याने एकदा तरी दुपारी सगळ्यांना झोपवण्याचा प्रयत्न केला आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

कामकाजाच्या गुणांचा दुसरा आणि मोठा आधार म्हणजे वर्गात बसून केलेले निरीक्षण. त्यासाठी वापरली जाणारी मोजपट्टी मॉरिसव्हिलपासून अर्ध्या तासावरच्या चॅपल हिल येथील विद्यापीठात तयार झाली. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८० मध्ये ती प्रसिद्ध केली, १९९८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि पुढे तिसरीही. आज ती अमेरिकेबाहेर अनेक देशांत वापरली जाते. प्रत्येक बाबीला १ ते ७ असे गुण असतात: १ म्हणजे अपुरे, ३ म्हणजे जेमतेम, ५ म्हणजे चांगले, ७ म्हणजे उत्कृष्ट. मूल्यमापक वर्गाच्या एका कोपऱ्यात काही तास बसतात, मुलांशी किंवा शिक्षकांशी आपण होऊन बोलत नाहीत, मध्येमध्ये घड्याळ पाहतात आणि लिहीत राहतात.

आमच्या वर्गात असे निरीक्षण झाले ती पहिली सकाळ मला अजून स्पष्ट आठवते. नोव्हेंबर महिना होता. थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या निमित्ताने आम्ही मुलांच्या हाताचे ठसे घेऊन कागदी टर्की पक्षी केले होते आणि ते एका ओळीत भिंतीवर लावले होते. सोळा मुले, सोळा टर्की, प्रत्येकाला त्याच रंगाची पिसे, त्याच जागी चिकटवलेला डोळा. मला ती भिंत फार सुंदर वाटत होती. सांगलीत आम्ही असेच करत असू. आंब्याचे चित्र सगळ्यांना एकच आणि रंग रेषेबाहेर गेला की बाई हात धरून दुरुस्त करणार. नंतर अहवाल हातात आला तेव्हा त्यात लिहिले होते की मुलांनी स्वतःच्या मनाने केलेले काम भिंतीवर फारसे दिसले नाही. वाचून आधी राग आला. मग त्या ओळीतल्या एकेका टर्कीकडे पाहिले आणि कोणते काम कोणाचे हे मलाच सांगता येईना, तेव्हा राग ओसरला.

दुसरी नोंद हात धुण्याबद्दल होती. वर्गात आल्यावर, नाक पुसल्यावर, वाळूत किंवा पाण्यात खेळून झाल्यावर, खाण्यापूर्वी आणि खाल्ल्यानंतर हात धुवायचे, आणि तेही साबण लावून नीट चोळून. त्यात आम्ही काटेकोर होतो. पण बेसिन एकच, त्यामुळे सोळा मुले भिंतीला पाठ लावून रांगेत उभी राहत. कोणी शेजारच्याला ढकलत असे, कोणी रडत असे आणि आम्ही दोघी "लाइनमध्ये राहा" म्हणत असू. रिकाम्या हाताने, काही न करता वाट पाहण्यात मुलांचा वेळ जातो तेव्हा त्याचेही गुण कमी होतात, हे आम्हाला तेव्हा कळले. म्हणजे स्वच्छतेत जे कमावले ते रांगेत गमावले.

त्यानंतर जे घडले त्यामुळे ही पद्धत मला मनापासून पटली. जिल्ह्याच्या बालसंगोपन साहाय्य संस्थेकडून एक प्रशिक्षिका दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे येऊ लागल्या. त्यांनी दोष काढले नाहीत. त्या जमिनीवर मुलांसोबत बसल्या आणि पुढच्या भेटीत म्हणाल्या, एकीने गालिच्यावर गोष्ट वाचत राहा, दुसरीने दोन-दोन मुलांना बेसिनकडे बोलावून घ्या. इतकीच साधी सूचना. आठवडाभरात रांग नाहीशी झाली आणि त्या पंधरा मिनिटांत रोज एक पुस्तक वाचून होऊ लागले. ठोकळ्यांचा कोपरा दाराजवळ होता, त्यामुळे मुलांनी उभारलेले मनोरे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाने पडत. तो आम्ही भिंतीकडे हलवला. चित्रकलेच्या टेबलावर नमुना ठेवणे बंद केले. पुढच्या वसंतात भिंतीवर काय काय लागले होते ते शब्दांत सांगता येणार नाही, पण प्रत्येक मूल आपल्या चित्राकडे बोट दाखवून त्यात काय आहे ते आईला सांगत असे.

पुढच्या फेरीत केंद्राला पाचवा तारा मिळाला. परवाना नव्या चौकटीत लागला, प्रवेशासाठीची प्रतीक्षायादी वाढली. आणि त्याच उन्हाळ्यात माझ्याबरोबर त्या वर्गावर असलेली, चार वर्षे तिथे काम करणारी मुख्य शिक्षिका नोकरी सोडून एका गोदामात कामाला लागली, कारण तिथे तासाला जास्त पैसे मिळत होते आणि तिला घरभाडे वाढवून आले होते. तिच्यावर कोणी रागावले नाही. रागावण्यासारखे काही नव्हतेच.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, जो दुपारी ती पाठीवर थोपटल्याशिवाय झोपत नसे. ती गेल्यानंतर जवळजवळ तीन आठवडे तो आपल्या छोट्या खाटेवर बूट न काढता बसून राहत असे आणि दाराकडे पाहत असे. मी थोपटायला गेले की तो माझा हात हळूच बाजूला करी. ओरडत नसे, रडतही नसे. त्या तीन आठवड्यांत आमचे तारे पाचच होते.

मला या पद्धतीबद्दल जे सांगायचे आहे ते याच्याशी निगडित आहे. मोजपट्टी वर्गातल्या वस्तू मोजते, दिनक्रम मोजते, शिक्षिकेचे बोलणेही मोजते, पण ते एका सकाळचे. तीच शिक्षिका पुढच्या वर्षी त्या वर्गात असेल का, हे त्या सकाळी दिसत नाही. १५ गुणांपैकी जो एक गुण जादा प्रयत्नासाठी ठेवला होता, तो मिळवण्याच्या अनेक पर्यायांपैकी एक पर्याय कर्मचारी कमी प्रमाणात सोडून जाणे हा होता. म्हणजे पंधरातला एक, आणि तोही ऐच्छिक. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक राज्यांतील बालवर्गांची माहिती तपासली गेली आणि असे आढळले की वेगवेगळे निकष एकत्र करून दिलेल्या मानांकनावरून मुले किती शिकतील याचा अंदाज नीट बांधता येत नाही. शिक्षक आणि मूल यांच्यातील देवाणघेवाण कशी आहे, यावरून मात्र तो अधिक चांगला बांधता येतो. त्या देवाणघेवाणीला वेळ लागतो. चार वर्षे एका जागी राहिलेल्या बाईला कोणते मूल भूक लागली म्हणून चिडते आणि कोणते झोप आली म्हणून, हे न सांगता कळते.

नॉर्थ कॅरोलायनाला हे ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ताऱ्यांच्याही आधी या राज्याने त्यावर उपाय सुरू केले होते. १९९० मध्ये इथे 'टीच' नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. डे-केअरमध्ये काम करणाऱ्या शिक्षिकेने कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकावे, शुल्काचा आणि पुस्तकांचा बहुतेक भार शिष्यवृत्तीने उचलावा, थोडा वाटा केंद्राने द्यावा आणि त्या बदल्यात शिक्षिकेने ठरावीक काळ केंद्र सोडू नये, अशी तिची रचना आहे. मी स्वतः बालशिक्षणाचा पहिला अभ्यासक्रम संध्याकाळच्या वर्गात, दिवसभर काम करून पूर्ण केला. माझ्या बाकावर शेजारी बसणारी एक बाई पंचावन्न वर्षांची होती आणि वीस वर्षे लहान मुलांना सांभाळत आली होती. रडणाऱ्या बाळाला लगेच उचलून घेतल्याने ते बिघडत नाही, असे आमच्या प्राध्यापिकेने सांगितले तेव्हा ती मोठ्याने म्हणाली की हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते. १९९३ मध्ये गव्हर्नर जिम हंट यांच्या काळात 'स्मार्ट स्टार्ट' सुरू झाले आणि त्याच्या पैशातून पुढे अनेक जिल्ह्यांत 'वेजेस' ही योजना आली. तिचा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: शिक्षिकेने एकाच केंद्रात सहा महिने पूर्ण केले की तिच्या शिक्षणाच्या पातळीप्रमाणे तिला थेट पूरक रक्कम मिळते, पुढचे सहा महिने राहिली की पुन्हा. मुलासाठी जे सर्वांत मोलाचे आहे, म्हणजे ओळखीचा माणूस रोज सकाळी दारात असणे, त्याला इथे थेट पैसे मोजले जातात. माझ्या मते ताऱ्यांवर जितके बोलले जाते त्याच्या निम्मे जरी या योजनेवर बोलले गेले असते, तर माझी सहकारी कदाचित गोदामात गेली नसती. ती रक्कम घरभाड्याच्या वाढीला पुरेशी नव्हती, एवढाच योजनेचा दोष.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सारे दूरचे वाटू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे काम केले त्यात पैसा नव्हता, साहित्य आसपासच्या माती-पाना-बियांचे होते आणि मुले बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. तिथे टिकून राहिलेली माणसे हीच त्या कामाची खरी पुंजी होती. अनुताई त्या भागात अखेरपर्यंत राहिल्या. कॉलेजच्या त्या वर्गात 'सातत्य' या विषयावर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी त्यांच्याविषयीच लिहिला होता.

आता ओळखीचे कोणी केंद्र निवडण्यासाठी सल्ला विचारते तेव्हा मी त्यांना तारे पाहू नका असे सांगत नाही. तीन ताऱ्यांच्या खाली जाताना विचार करावा, आणि राज्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक केंद्राचे तपासणी-अहवाल असतात ते जरूर वाचावेत. पण भेटीसाठी सकाळी दहाच्या सुमारास जावे, मुले खेळत असताना. बाई गुडघ्यांवर बसून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला येते का ते पाहावे. मुलाने काही सांगितले तर ती त्याला पुढचा प्रश्न विचारते की नुसते "गुड जॉब" म्हणते, हे ऐकावे. आणि कार्यालयातल्या मॅडमना न विचारता वर्गातल्या बाईंनाच विचारावे की तुम्ही या वर्गावर किती दिवस आहात.

गेल्या महिन्यात नाशिकचे एक तरुण जोडपे असेच जाऊन आले. ज्या केंद्राला चार तारे होते तिथल्या बाळांच्या खोलीतली बाई अकरा वर्षे त्याच खोलीत होती. पाच ताऱ्यांच्या केंद्रात तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली मुलगी होती, हुशार आणि प्रेमळ, पण नवी. दोघांचा निर्णय होईना म्हणून त्यांनी मला फोन केला. मी त्यांना एवढेच सांगितले की बाळाला घेऊन पुन्हा एकदा चार ताऱ्यांच्या केंद्रात जा आणि त्या बाईच्या हातात त्याला पाच मिनिटे द्या. सोमवारपासून ते बाळ तिथेच जाते.