तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यावर दिसला तो मासा कुठला?

मालवणहून होडीने फिरून आलेले पाहुणे मोबाईल पुढे करतात. "काका, हा शार्कच होता ना?" फोटोत निळं पाणी आणि एक काळी रेघ. माझं विचारणं ठरलेलं: रंग राहू दे, शेपटी कशी हलत होती?

शेपटी डावी-उजवी हलत असेल तर मासा. वर-खाली हलत असेल, पाठ वळून पाण्यात जाताना फुस्स असा श्वास ऐकू आला असेल, तर डॉल्फिन, म्हणजे मासाच नव्हे. रंगावर मी विसंबत नाही. वरून पाहिलं की बहुतेक सगळेच काळसर दिसतात. दोन त्रिकोण एकामागे एक दिसले आणि मागचा डुलत असेल तर मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, कुळातलं कोणीतरी. शेजारी-शेजारी वर येऊन बुडत असतील तर ती मोठ्या पाकटाच्या, म्हणजे चपट्या रे माशाच्या, पंखांची टोकं.

तरीही फसायला होतं. निवतीच्या खडकांकडे एकदा होडीखाली चार-साडेचार फुटांचा मासा आला, छातीचे पर पसरून, अगदी संथ. मी ओरडलो, "मुशी!" तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, वाकून बघत म्हणाला, "मुशी नाय ती, मोडुसो. तेचा डोक्या बघ." मोडुसो म्हणजे मोडुसा, इंग्रजीत कोबिया.

डोकं पाटासारखं चपटं होतं, खालचा जबडा जरा पुढे. कुशीवर डोळ्यापासून शेपटीपर्यंत गडद पट्टा, त्याला लागून रुपेरी. मुशीच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना बहुधा कल्ल्यांच्या पाच-पाच चिरा असतात. इथे उघडझाप करणारं एकच झाकण. होडीला दोन फेऱ्या मारून तो बाहेरच्या अंगाला वळला.

तांडेलाने इंजिन बंद केलं. मोडुसा कासवांच्या, मोठ्या माशांच्या, तरंगत्या ओंडक्यांच्या सोबतीने फिरतो, म्हणून तो दिसला की आसपास आणखी कोण आहे ते बघायचं, ही तांडेलाची रीत. थोड्या वेळाने पाण्याखालून राखाडी पाठ वर आली. तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, तोंड थेट पुढच्या टोकाला, रुंद. व्हेल शार्क. होडीपेक्षा लांब, आणि खाणं काय, तर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, आणि बारीक मासे. 2001 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. जाळ्यात आला तर जाळं कापून सोडायचा, त्याची भरपाई सरकार देतं. हे मी प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगतो.

तो लांब जाईपर्यंत तांडेलाने इंजिन चालू केलं नाही.