दसऱ्याची गाडी डिसेंबरात आली

गाडी बुक केली त्या दिवशी शोरूममधल्या मुलाने कागदावर ‘अंदाजे सप्टेंबरअखेर’ असं लिहून दिलं. संध्याकाळी मी साताऱ्याला बाबांना फोन केला आणि सांगितलं, ‘दसऱ्याला गाडी दारात.’ त्याचा ‘अंदाजे’ मी वाटेतच गाळून टाकला होता.

ही गोष्ट मे २०२५ ची. नवं इलेक्ट्रिक मॉडेल, रस्त्यावर अजून एकही गाडी नाही. २१ हजार भरून नंबर लावला. पैसे परत मिळतील का, एवढं विचारलं होतं; मिळणार होते, पण व्हेरिएंट पक्कं करेपर्यंतच. त्यानंतर रद्द केलं तर काही रक्कम कापणार. पावतीच्या मागे आणखी एक ओळ होती, ती मी जुलैत वाचली: किंमत डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती लागेल. बुक करतानाच पावती उलटून वाचायला हवी होती.

जुलैतच कळलं की ‘नंबर’ म्हणजे एक सरळ रांग नसते. आधी टॉप व्हेरिएंटच्या गाड्या निघणार, मग मधल्या. आमची मधली. त्यातही रंगाप्रमाणे पुढे-मागे. माझ्यानंतर बुक केलेल्या एकाला पांढरी गाडी आधी मिळाली तेव्हा मी चिडून शोरूममध्ये गेलो. तो मुलगा शांतपणे म्हणाला, ‘सर, मॅग्नेटचा प्रॉब्लेम आहे.’ कारण खोटं नव्हतं. चीनने एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली होती, आणि बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरना तीच चुंबकं लागतात. पण माझी गाडी त्यामुळेच अडली होती का, हे मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. आठवड्यातून दोनदा फोन करून तारीख पुढे सरकत नाही, हे मात्र कळलं. मग महिन्यातून एकदा मेल करायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं, असं ठरवलं.

सगळ्यात महागात पडली ती जुनी गाडी विकण्याची घाई. गणपतीत चांगलं गिऱ्हाईक आलं, पेट्रोलची गाडी देऊन टाकली आणि पुढचे साडेतीन महिने कोथरूड-हिंजवडी कॅब आणि बसने काढले. त्यातच २२ सप्टेंबरला लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांपर्यंत खाली आला. इलेक्ट्रिकवरचा ५ टक्के होता तसाच राहिला. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, सोडून द्या, शोरूमला जा आणि उद्या पेट्रोलची घेऊन या.’ त्या रात्री वही घेऊन हिशेब केला. रोजचं जाणं-येणं पाहता इलेक्ट्रिकच परवडत होती. थांबायचं ठरलं.

थांबलो त्याचा एक मोठा फायदा झाला: चार्जर. आमच्या सोसायटीत आधी कोणाचाच नव्हता. घराच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे; तरी कमिटीला लोडची आणि आगीची काळजी होतीच, आणि ती रास्त होती. आम्ही महावितरणकडून मंजूर भार वाढवून घेतला, मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत वेगळी केबल आणि वेगळं अर्थिंग केलं, इलेक्ट्रिशियनला मीटिंगमध्ये बोलावून सगळं समजावून सांगितलं. दोन महिने लागले. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ६० युनिटची बॅटरी भरायला १८-२० तास जातात; ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर रात्रीत होतं. दसऱ्याला गाडी खरंच आली असती, तर ती पार्किंगमध्ये तशीच उभी राहिली असती.

डिसेंबरात एका मंगळवारी गाडी मिळाली. पूजा, हार, फोटो याआधी मी उत्पादनाचा महिना, टायर, चार्जिंग केबल आणि पॅनेलवरचे ओरखडे पाहिले. रोड टॅक्स नव्हता, पण १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेता आपल्याकडून आधीच घेतो तो प्राप्तिकर) लागतो, तो मी धरलाच नव्हता. रिटर्न भरताना तो वळता होतो, तरी त्या दिवशी खिशातून जातोच.

रविवारी साताऱ्याला निघालो. राज्याने इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिली आहे ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर. आमच्या वाटेवर खेड शिवापूर आणि आनेवाडीला फास्टॅगमधून पैसे गेले. जाहिरातीत ५०० किलोमीटरच्या वर रेंज लिहिली होती, मी मनात ३५० धरली होती. खंबाटकी चढताना आकडा भराभर उतरला, पलीकडे उतारावर सावरला.

बाबा फाटकाशीच उभे होते. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘किती उरलं रे?’

‘६५ टक्के.’

‘मग वाईच्या गणपतीला जाऊन येऊ,’ म्हणाले आणि पुढचं दार उघडून बसले.