सुकाणूवाल्याकडे बघून काढलेलं गणित

लूप, म्हणजे तापमान किंवा प्रवाह (फ्लो) आपोआप ठरल्या आकड्यावर राखणारी यंत्रणा, ट्यून करताना पी, आय, डी ही तीन अक्षरं आम्ही इन्स्ट्रुमेंटवाले उठता-बसता घोकतो. त्यांचं गणित पहिल्यांदा नीट मांडणाऱ्या निकोलस मिनॉर्स्कीचं नाव मात्र प्लांटमध्ये विचारा, कुणी सांगितलं तर चहा माझ्याकडून!

हा रशियन नौदलातला इंजिनिअर 1918 मध्ये अमेरिकेत गेला. तिथे जहाज आपोआप दिशा कशी धरेल, या प्रश्नामागे लागला. त्याने कसलेल्या सुकाणूवाल्याचं वागणं निरखलं. तो गडी जहाज किती भरकटलंय एवढंच बघत नाही. वारा एका बाजूने सतत रेटत असेल तर सुकाणू थोडं त्या हिशेबाने धरून ठेवतो. आणि जहाज वेगाने वळायला लागलं की दिशा गाठायच्या आधीच उलट सुकाणू देतो. आत्ताची चूक म्हणजे पी, साचलेली चूक म्हणजे आय, चूक बदलण्याचा वेग म्हणजे डी. 1922 च्या निबंधात त्याने हे समीकरणात बसवलं.

पुढे ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या, त्याही चांगल्या. तरी नौदलाने यंत्रणा स्वीकारली नाही. खलाशांचाच विरोध होता. मला यात नवल वाटत नाही. आमच्याकडेही जुने ऑपरेटर लूप गुपचूप मॅन्युअलवर टाकतातच.

ट्यूनिंगचे, म्हणजे या तिघांचं प्रमाण ठरवण्याचे, झीग्लर-निकोल्स नियम 1942 चे, म्हणजे वीस वर्षांनंतरचे. डी मात्र अजूनही नाठाळ. फ्लोच्या लूपवर मी तो शून्यच ठेवतो, सिग्नलच्या खरखरीने व्हॉल्व्ह नुसता थरथरतो. रिअ‍ॅक्टरच्या तापमानाला मात्र तोच लागतो.