विडी घरकुलात सांगितलेली हेन्रीची गोष्ट

मी सोलापुरात मेंदूविकारांच्या ओपीडीत काउन्सेलर आहे. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, त्या सुमारास आम्ही वस्त्यांमधे जाऊन या विसरण्याच्या आजारावर बोलतो. यंदा विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत गेलो होतो. बायका विड्या वळायला मांडीवर सूप घेऊनच बसलेल्या, हात थांबला की मजुरी थांबते त्यामुळे ते चालायचंच. लक्षणं काय, बीपी-शुगर का सांभाळायची, सगळं सांगून झालं, माना हलल्या, नजर मात्र पानावर. मग मी हेन्रीची गोष्ट काढली.

हेन्री मोलेसन, अमेरिकेतला, फिट्सनी बेजार झालेला तरुण. १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, स्कोव्हिल नावाच्या सर्जननी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढून टाकला. फिट्स कमी झाल्या पण त्यानंतर घडलेलं काहीच त्याच्या लक्षात राहीना. बोलणं नीट, बुद्धी शाबूत, लहानपणचं आठवतंय, पण आत्ता जेवलेलं थोड्या वेळानं गायब. ब्रेंडा मिलनर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई त्याला तपासायला यायच्या, दरवेळी त्याला त्या नव्यानंच भेटल्यासारख्या.

इथपर्यंत आल्यावर पुढची एक अक्का मागं वळून सगळं तेलुगूत सांगायला लागली, मी थांबले. तिचं झाल्यावर मागनं आवाज आला, "म्हंजे माल येतोय, पण वहीत मांडणारा मुनीमच गेला की वो मॅडम!" खरं सांगते, हिप्पोकॅम्पसचं काम इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या वह्या कपाटात तशाच आहेत, नवीन नोंद होत नाही, बस.

मग मी पर्समधला आरसा काढला. मिलनरबाईंनी हेन्रीला एक काम दिलेलं, कागदावर चांदणी, तिच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हात झाकलेला, बघायचं फक्त आरशात. एका कॉलेजच्या पोरीला करायला लावलं, पेन्सिल भलतीकडंच जायला लागली आणि सगळ्या हसायला लागल्या. हेन्रीचंही पहिल्यांदा असंच झालं. पण तीन दिवस करता करता त्याचा हात सुधारत गेला, आणि दरवेळी त्याला विचारलं तर हे आपण आधी कधी केलंय हेच त्याला आठवत नव्हतं. म्हणजे हाताचं शिकणं मेंदूत वेगळ्या रस्त्यानं जातं, त्याला त्या मुनीमाची गरज लागत नाही.

सुपावरचे हात थांबले ते इथं.

कडेला बसलेली एक बाई म्हणाली, "मॅडम, आमच्या आत्या जेवून उठतात आन् म्हणतात मला कुणी वाढलं न्हाई. शेजारणीकडं जाऊन सांगतात. पण विडी अजून माझ्यापेक्षा चांगली वळतात. मला वाटायचं नाटक करतात." पुढं तिला बोलवेना. शेजारचीनं तिच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं.

तिच्या घरी गेले. आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, दारातच बसलेल्या. ओल्या फडक्यातलं पान काढलं, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापलं, चिमटीत तंबाखू बरोबर तेवढीच, वळली, तोंड दुमडलं, दोरा बांधला. माझ्याकडं बघून विचारलं कुठली गं तू, मी सांगितलं. दुसरी विडी वळून झाली आणि परत विचारलं, कुठली गं तू.

सून हे सगळं बघत होती. मी तिला एवढंच सांगितलं की अल्झायमरमधे हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग बहुतेकदा लवकर बिघडतो, म्हणून आत्ताचं आधी जातं आणि जुनं, हाताचं बराच काळ टिकू शकतं. पण हे अल्झायमरच आहे असं इथं बसून म्हणता येणार नाही, बी-१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडला तरी विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं, त्यामुळे आधी तपासायचं.

निघताना तिनं विचारलं, "त्या हेन्रीला कुणी सांभाळलं वो?" ओपीडीत नातेवाईक शेवटी इथंच येतात. आधी आईवडिलांनी, नंतर एका नातेवाईक बाईंनी, मग १९८० पासून २००८ मधे जाईपर्यंत नर्सिंग होममधे, मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे एकट्या कुणाला जमलं न्हाई." नाहीच जमत, आणि जमावं अशी अपेक्षाही कुणी करू नये. शेजारणीला तिथंच हाक मारून तिनं सांगून टाकलं की आत्या जेवणाचं काही बोलायला आल्या तर भांडायचं न्हाई, मला हाक मारायची.

सोमवारी दोघी ओपीडीला आल्या, रक्त दिलंय, रिपोर्ट यायचेत.