क्लीनर निघाला, वर्गणी निघेना

कॉम्प्युटर साफ करणारं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, "कार्ड कुणाचं आणि ईमेल कुणाचा?" मशीनचं बोलणं नंतर. मशीनचं दुखणं एका दुपारी बरं झालं. त्या सॉफ्टवेअरची वर्गणी, म्हणजे सबस्क्रिप्शन, बंद करता करता मात्र जून हातचा गेला, आणि जून म्हणजे आमचा सीझन.

उदगीरला माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं सेंटर आहे. निकाल लागले की उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, प्रवेशाचे अर्ज यांची रांग लागते. ती हटते न हटते तोच पीकविमा. पोर्टल अडलंय की माझी डिस्क, हे समोरच्याला काय कळणार? तो माझ्याच तोंडाकडं बघतो. झाडलोट, उदबत्ती सगळं उरकलं तरी डेस्कटॉप नीट उघडत नव्हता, तेव्हा मशीन बघायला येणारा पोरगा म्हणाला, "ताई, कचरा लई साठलाय. क्लीनर टाकतो, वर्षाचा पॅक आहे, डोक्याला ताप नाही." कार्ड माझं. खातं त्यानं स्वतःच्या ईमेलवर उघडलं, बाजारातल्या सगळ्याच दुकानांचं तो तसंच करायचा.

पहिल्याच स्कॅनला लाल अक्षरांत हजारावर 'समस्या' आल्या. यादी उघडून पाहिली तर बहुतेक ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला वेबसाइटनं ठेवलेल्या बारक्या नोंदी. त्या पुसून वेग तसूभर वाढला नाही, उलट सगळ्या पोर्टलमधून लॉगआउट होऊन मी कॅप्चा भरत बसले. कॅशे, म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेली पानं, पुसला की तीच पानं पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागतात, म्हणजे आमच्याकडच्या नेटवर अजून उशीर. मग आली रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीची, सफाई. विंडोजच्या रजिस्ट्रीत काढून टाकलेल्या प्रोग्रामच्या जुन्या नोंदी राहतात हे खरं, पण त्या खोडून मशीन पळेल म्हणणं म्हणजे वहीतली बुडीत उधारी खोडली की गल्ला भरेल म्हणण्यातला प्रकार. मायक्रोसॉफ्ट स्वतः रजिस्ट्री क्लीनरला पाठिंबा देत नाही. नोंदी चुकीच्या उडाल्या तर विंडोज नव्यानं टाकायची वेळ येऊ शकते, असं तीच कंपनी सांगते. माझं विंडोज वाचलं, पण सफाईनंतर अंगठ्याचं मशीन ओळखेना. हयातीच्या दाखल्याला आलेल्या आजींना परत पाठवावं लागलं. त्या मशीनचं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, ते चालू झालं, आणि त्याच दिवशी क्लीनर काढून टाकला.

सॉफ्टवेअर काढलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं नाही. हे कुठंच ठळक लिहिलेलं नसतं, म्हणून मी इथं लिहिते. वर्गणी कार्डावर बसलेली असते, मशीनवर नाही. पुढच्या जूनमध्ये, दुकानात दाखल्यांची ही गर्दी, आणि यांचा शेतातून फोन, "तुझ्या कार्डाचे पैसे कटणार म्हणून मेसेज आलाय, कशाचे गं?" कार्डाला नंबर यांचा जोडलेला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं असं आपोआप पैसे कापण्याआधी २४ तास कळवावं लागतं, आणि ते नाकारायची सोयही द्यावी लागते. १५ हजारांपर्यंतच्या रकमेला मात्र ओटीपी लागत नाही. यांनी मेसेज पाहिला तेव्हा ते २४ तास सरत आले होते. संध्याकाळी पैसे गेले.

कंपनीच्या चॅटवर गेले. तिथं एका इंग्रजी नावाच्या बाईचा फोटो, पण बोलणारं यंत्र. "ऑर्डर नंबर द्या." ऑर्डर नंबर ईमेलमध्ये, ईमेल त्या पोराचा, पोरगा चाकणला कंपनीत लागलेला, आणि त्याचा जुना नंबर बंद. कार्डाचे शेवटचे चार आकडे देते म्हटलं, व्यवहाराचा क्रमांक देते म्हटलं. उत्तर तेच, नोंदवलेल्या ईमेलवरूनच या. मध्येच विचारलं, थांबलात तर निम्म्या दरात देतो, चालेल का? पैसे मी भरले हे यंत्राला मान्य होतं. ते परत मागायचा हक्क तेवढा पोराकडं होता.

मग बँक. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, पहिल्यांदा ओटीपी तुम्हीच दिला ना? मग व्यापाऱ्याशी बोला." व्यापारी म्हणे ईमेल आणा, बँक म्हणे व्यापाऱ्याकडं जा. इकडं दुकान बंद ठेवून मी रांगेत, आणि माझ्या दुकानासमोर दुसरी रांग. साहेबांवर राग धरून उपयोग नव्हता, त्यांना तो पर्याय कुठं असतो तेच ठाऊक नव्हतं. घरी येऊन मीच नेट बँकिंग उघडून बसले आणि कार्डाच्या भागात 'ई-मँडेट' सापडलं. चालू असलेली स्वयंचलित कपात तिथं यादीत दिसते, समोर रद्द करायचं बटण, एक ओटीपी, संपलं. सगळ्या बँकांत नाव सारखं नसतं. कुठं स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असतं, कुठं ऑटोपे. शाखेत जायच्या आधी हे शोधा. पुढच्या वर्षीची कपात इथंच थांबली, अजून कुणाला विचारायची गरज नाही.

पण गेलेले पैसे? कंपनीच्या अटीत नूतनीकरणापासून ३० दिवसांत परतावा लिहिलेला, आणि दिवस तर चाललेले. पोराच्या आईला मी ओळखत होते, तिच्याकडून नवा नंबर घेतला. पोराची रात्रपाळी, तो दुपारी झोपलेला, मी दुपारीच फोन करणार, कारण सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाईक. शेवटी उचलला. "ताई, मला मेल येऊ लागले होते, मी उघडलेच नाहीत." पासवर्ड विसरलेला. नवीन मागितला तर ओटीपी बंद पडलेल्या सिमवर. पण त्याचा जुना मोबाइल उदगीरलाच कपाटात होता आणि त्यात ते मेल अजून उघडं होतं. त्याच्या बहिणीनं तो चार्जिंगला लावला, दुकानात घेऊन आली, आणि माझ्याच वायफायवर आम्ही कंपनीच्या खात्यात शिरलो.

आत गेल्यावर ऑटो-रिन्यूअल बंद करायची ओळ करड्या रंगात, पानाच्या तळाशी. दाबली तर पुढं दोन बटणं. एक मोठं हिरवं, 'संरक्षण चालू ठेवा'. दुसरं बारीक, 'नको, माझं मशीन धोक्यात राहू दे'. बहीण हसायला लागली, मला मात्र हसू येईना. असल्या युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं आणि नकार देणाऱ्याला लाज वाटेल असं लिहिणं हे दोन्ही त्यात आहेत. त्याच ईमेलवरून परतावा मागितला, त्या तत्त्वांचा उल्लेख केला, दोन्ही बटणांचा स्क्रीनशॉट जोडला आणि ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवून तिचा क्रमांकही लिहिला. यातल्या कशानं काम झालं सांगता येणार नाही, पण पुढचं उत्तर माणसानं लिहिलेलं होतं आणि पैसे कार्डावर परत आले. ते दिसले त्या दिवशी मी सेंटर अर्धा तास लवकर बंद केलं.

आता मशीन. टास्क मॅनेजर उघडा : कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम. माझ्याकडं डिस्क सारखी १०० टक्क्यांवर. जुनी फिरणारी हार्ड डिस्क होती, तिला कुठलाही क्लीनर पळवू शकत नाही. वर्गणीच्या आसपासच्या पैशात एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क, बसली आणि मशीन उदबत्ती लावायच्या आत तयार होऊ लागलं. एसएसडीला डीफ्रॅगही, म्हणजे विखुरलेल्या फायली एकत्र लावणंही, नको, तिची देखभाल विंडोज स्वतः करतं. मग स्टार्टअपच्या, म्हणजे मशीनबरोबर आपोआप चालू होणाऱ्यांच्या, यादीत प्रिंटरचे आणि चॅटचे प्रोग्राम बंद केले. जागा कमी पडली तर विंडोजमधलंच डिस्क क्लीनअप आणि स्टोरेज सेन्स पुरतं, फुकट आहे. मात्र डाउनलोड्स फोल्डरवर खूण आहे का ते आधी बघा, असेल तर तोही पुसला जातो. सेंटरवाल्यांच्या त्याच फोल्डरमध्ये लोकांचे आधार आणि मार्कमेमो पडलेले असतात. ते रोज संध्याकाळी हातानंच पुसावेत, वेगासाठी नव्हे, लोकांच्या कागदांसाठी. आणि मे महिन्यात पंख्यातली धूळ ब्लोअरनं काढा. पारा चाळिशीपार गेला की तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि ती धूळ कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही.

नावाजलेल्या कंपनीचं घेतलं तर चालेल ना, असंही विचारतात. सीक्लीनर नावाजलेलंच होतं. २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हॅकरांनी व्हायरस घुसवला आणि ती २२ लाखांहून जास्त मशीनवर गेली. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानसाखळीत मोफत तपासणी व्हायची. सुरुवातीला विचारायचे, मशीन स्लो आहे का, पॉप-अप येतात का. यातल्या एकालाही 'हो' म्हटलं की स्कॅन व्हायरसची लक्षणं दाखवायचं. २०१९ मध्ये त्या साखळीला आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमला मिळून साडेतीन कोटी डॉलर भरायला लागले. मुद्दाम जुन्या फायली पुसायला एखादं फुकट साधन वापरलंत तर वापरा, त्याला कार्ड देऊ नका आणि रजिस्ट्रीला हात लावू देऊ नका.

त्या पोराला परवा म्हटलं, बाबा, तुझ्या ईमेलवर अजून कुणाकुणाची खाती आहेत ती यादी पाठव. पाठवली. त्यातल्या एका कृषी सेवा केंद्राची मुदत याच महिन्यात संपू लागली आहे. मालकाला फोन केला तर म्हणाले, "ते व्हय? ते तर मी कवाच डिलीट केलंय की."