आमची वाटचाल : रिव्हेटपासून धावपट्टीपर्यंत

शिकागोपासून दीड तासावर, मक्याच्या शेतांच्या मधोमध एक छोटा विमानतळ आहे. तिथल्या एका हँगरमध्ये २०१२ पासून आमचं वर्कशॉप चालतं. किट, म्हणजे विमानाचे सुटे भाग, विकत घेऊन स्वतःचं विमान स्वतःच्या हातांनी बांधणारी माणसं आमच्याकडे येतात. आम्ही जागा, हत्यारं आणि शिकवणी देतो. विमान बांधून देत नाही.

हे नव्या माणसाला पटकन पटत नाही. "पैसे घ्या आणि करून टाका," असं पहिल्या दोन वर्षांत पाच जणांनी सांगितलं. पण इथल्या नियमाप्रमाणे अशा विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं लागतं. पैसे मोजून करवून घेतलेलं काम त्यात धरत नाहीत. त्या पाचही जणांना आम्ही नमस्कार केला. त्या वर्षांत हँगरचं भाडं बायकोच्या पगारातून गेलं. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. हे वर्कशॉप उभं राहिलं त्यात तिचा वाटा माझ्याइतकाच आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं लेथचं काम होतं, कानस धरायला तिथेच शिकलो. पुढे इथे मशीनिस्टची नोकरी लागली आणि २००८ च्या जुलैत एका सहकाऱ्याने मला विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला नेलं. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत स्थापन केलेल्या एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचा मेळा दर वर्षी जुलैअखेरीस तिथे भरतो. दहा हजारांच्या आसपास विमानं उतरतात, माणसं पंखाखाली तंबू ठोकून राहतात. आपल्याकडे वारीत जसा अनोळखी माणूस तुम्हाला जेवायला बसवतो, तसं तिथे अनोळखी माणूस आपल्या विमानाचं इंजिन उघडून दाखवतो. एका पंखावरच्या रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या) ओळीवरून मी हात फिरवला, तर बोटाला एकही डोकं लागलं नाही. बांधणारा माणूस शेतकरी होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त शाळामास्तर. त्यांनी व्हॅन्स या कंपनीच्या आरव्ही-९ए विमानाचं किट घेतलं. दोन आसनांचं, ॲल्युमिनिअमचं, स्वभावाने गरीब विमान. सुरुवात शेपटीपासून करायची, म्हणजे चुका लहान पत्र्यावर होतात. प्रत्येक भोकाची बर (कडेला राहिलेली धार) काढायची, पत्रे क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या चापाने तात्पुरते जोडायचे (लहान भोकाला चंदेरी, मोठ्याला तांब्याच्या रंगाचा) आणि मग रिव्हेट मारायची. या कामाला दोन माणसं लागतात. एक बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा धरतो. आतलं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच बसायला हवं. कमीजास्त झालं की ड्रिलने काढून पुन्हा. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी मारल्या त्याहून जास्त काढल्या. महिन्याभरात नुसत्या आवाजावरून त्यांना कळू लागलं.

एक चूक मात्र माझीच. जानेवारीत, हीटर नीट तापलेला नसताना मी त्यांना पेट्रोलच्या टाकीला सीलंट (गळती रोखणारा लेप) लावायला बसवलं. थंडीत ते घट्ट होतं, कोपऱ्यात नीट शिरत नाही. टाकी तपासताना व्हेंटला (हवेच्या नळीला) फुगा लावतात. टाकीत थोडी हवा भरली की फुगा फुगतो आणि तसाच राहायला हवा. आमचा सकाळपर्यंत चिमला. साबणाचं पाणी लावलं तर मागच्या शिवणीवर बुडबुडे आले. टाकी उघडून पुन्हा करण्यात तीन आठवडे गेले. त्याचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून हँगर उबदार झाल्याशिवाय सीलंटचा डबा उघडायचा नाही, हा आमचा नियम.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये विमान तपासणीत पास झालं. पेढे वाटले. आणि मग ते हँगरमध्येच उभं राहिलं.

आज वारा आहे, आज ढग आहेत, आज ब्रेक बघू या. मास्तर यायचे, विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत चालवायचे आणि परत आणायचे. नाताळच्या आधी एक दिवस म्हणाले, "तू उडवशील का रे?" मी त्यांची फ्लाइंगची वही मागितली. बांधणीच्या साडेचार वर्षांत ते जेमतेम अकरा तास उडाले होते. सगळा वेळ आणि पैसा विमानात घालून वैमानिकाला मात्र आम्ही गंजू दिलं होतं. नव्या विमानाची पहिली उड्डाणंच जास्त धोक्याची असतात, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अभ्यासातही आलं आहे. तो मी वाचला होता. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

मग मास्तरांना त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात प्रशिक्षकाबरोबर बसवलं. सावकाश उडणं, स्टॉल (पंखांची उचल सुटते ती अवस्था), आणि पुन्हा पुन्हा लँडिंग. उड्डाण होताच इंजिन बंद पडलं तर मागे वळायचा मोह टाळून समोरच नाक खाली घालायचं, हे हाताला सवयीचं होईपर्यंत. मेच्या एका शांत सकाळी त्यांनी स्वतःचं विमान उचललं. अर्धा तास विमानतळाच्या डोक्यावरच फिरले. उतरल्यावर पाच मिनिटं कॅनॉपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) उघडलीच नाही. मी बाहेर उभा, ते आत डोळे पुसत होते. पुढे चाचणीचे पंचवीस तास झाल्यावर पहिल्या प्रवासी म्हणून त्यांच्या पत्नी बसल्या.

तेव्हापासून आमच्याकडे किटबरोबर फ्लाइंगची वहीही जमा होते. महिन्याला दोन तास उडाल्याशिवाय पुढच्या भागाचं काम सुरू करू देत नाही. यावरून दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. जाऊ दे.

भारतातूनही फोन येतात. त्यांना मी कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण देतो. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं विमान २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं. तिथले नियम वेगळे आहेत, ते आधी विचारून घ्या, एवढं मात्र आवर्जून सांगतो.

आतापर्यंत आमच्या दारातून नऊ विमानं उडाली. चाचणीच्या काळात अनुभवी दुसरा वैमानिक सोबत घ्यायची मुभा २०१४ पासून ठरावीक अटींवर मिळते. गेल्या शनिवारी एका नर्सताईंचं पहिलं उड्डाण होतं. उजव्या सीटवर मास्तर होते, आणि त्यांनी वाऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.