नर्सिंग, फिजिओ, लॅबमधून एमबीबीएसकडे: अनुभव कुठे चालतो आणि कुठे आडवा येतो

आधी एक गैरसमज मोडून टाकू. स्टाफ नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, रेडिओग्राफर, ओटी टेक्निशियन, यांपैकी कुणालाही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळत नाही. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाल्यांना मिळतो, म्हणून इकडेही तसं काहीतरी असेल असं अनेकांना वाटतं. नाही. वेगळा कोटा नाही, अनुभवाचे गुण नाहीत, बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, ॲनाटॉमी चांगल्या मार्कांनी काढली असली तरी त्या पेपरातून सूट नाही. बारावीच्या पोरापोरींसोबत 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि रँकप्रमाणे सीट घ्यायची, एवढा एकच दरवाजा आहे. "आपली ओळख आहे, नर्सिंगवाल्यांची सीट काढून देतो" असं म्हणणारा माणूस नागपुरात धंतोलीत भेटो की रामदासपेठेत, त्याला एक रुपयाही देऊ नका.

दिलासा एवढाच की वय आडवं येत नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत, वरची मर्यादा २०२२ मध्ये निघाली. किती वेळा परीक्षा द्यायची यालाही मर्यादा नाही.

आता पात्रता. इथे बरेच जण फॉर्म भरायच्या आधीच बाद होतात आणि त्यांना ते कळतसुद्धा नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हवं. फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीची बेरीज खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, एससी, एसटी, ओबीसींना ४० टक्के. बीएस्सी नर्सिंगला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्क्यांवर प्रवेश मिळतो. म्हणजे या तीन विषयांत (पीसीबीत) ४७ टक्के घेऊन नर्सिंग पूर्ण केलेली खुल्या प्रवर्गातली मुलगी आयसीयूत पाच वर्षं काम करत असली तरी एमबीबीएसला पात्र नाही. नर्सिंगच्या पदवीचे ७० टक्के इथे मोजत नाहीत. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तर कला शाखेतूनही करता येतो, त्यामुळे अनेक जीएनएम सिस्टर्सकडे बारावीचं विज्ञानच नसतं.

यावर मार्ग आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, हे विषय देता येतात. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेलं बायोलॉजी २०२३ च्या अखेरीपासून चालतं. आपल्या राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेवर मात्र विसंबू नका, ती उत्तीर्ण झाल्यानंतरच्या लगतच्या परीक्षांपुरतीच असते. एनआयओएस करायचं ठरलं तर केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावी कुठून झाली हेही बघतात.

अभ्यासाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त घात इथेच होतो. पेपर ७२० गुणांचा, १८० प्रश्न, १८० मिनिटं: फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकलेल्याला वजा १. २०२५ पासून ऐच्छिक प्रश्न गेले आणि वाढीव २० मिनिटंही गेली, त्यामुळे तुम्ही बारावीनंतर दिलेली नीट आठवून वेळेचं गणित मांडू नका. बीपीटीएचवाल्यांनी तर नीट देऊनच प्रवेश घेतलेला असतो. त्यांनी तो जुना स्कोअर काढून विषयवार बघावा. जो विषय तेव्हा बुडाला, तोच आताही बुडवणार.

तो विषय म्हणजे बहुतेकांचा फिजिक्स. बारावीला गणित सोडलेलं, नंतर पाच-सात वर्षं ड्रिप रेट आणि डोस यापलीकडे आकडेमोड नाही. अशा वेळी थेट धडा पहिला उघडला की पंधरा दिवसांत पुस्तक बंद होतं. आधी तीन आठवडे फक्त गणित करा: लॉग, त्रिकोणमिती, सदिश, आलेखाचा उतार, साधं डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन. मग एकके आणि मिती, विद्युतधारा, किरण प्रकाशशास्त्र, आधुनिक भौतिकी, सेमीकंडक्टर, उष्मागतिकी. या प्रकरणांत कष्टाच्या मानाने गुण लवकर हाती येतात. घूर्णन गती शेवटी ठेवली तरी चालेल. केमिस्ट्रीत इनऑरगॅनिक म्हणजे एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या, पाठ्यपुस्तकाची ओळ न् ओळ, आणि मोल संकल्पना कच्ची असेल तर फिजिकल केमिस्ट्रीचं एकही प्रकरण पुढे सरकत नाही.

बायोलॉजी "आपलीच आहे" असं समजणं ही या वाटेवरची सगळ्यात महाग चूक. एक तर निम्मी वनस्पतीशास्त्राची: प्रकाशसंश्लेषण, फुलांची रचना, आनुवंशिकी, परिसंस्था. वॉर्डात यातलं काही कानावर पडत नाही. दुसरं, शरीरशास्त्राचे आकडे तुम्ही रोज वापरता ते वेगळे आणि एनसीईआरटीत छापलेले वेगळे. परीक्षा पुस्तकातला आकडा मागते.

उदाहरणं बघा. श्वसनाचा दर वॉर्डात १२ ते २० नॉर्मल धरतो, एनसीईआरटी १२ ते १६ म्हणते. पांढऱ्या पेशी लॅबच्या रिपोर्टवर ४,००० ते ११,०००, पुस्तकात ६,००० ते ८,०००. प्लेटलेट्स रिपोर्टवर साधारण दीड ते साडेचार लाख, पुस्तकात दीड ते साडेतीन लाख. हिमोग्लोबिन पुस्तकात १२ ते १६ ग्रॅम, बाई-पुरुष वेगळे न करता. दहा वर्षं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, काढलेला टेक्निशियन हा प्रश्न वाचायच्या आतच उत्तरावर खूण करतो आणि चुकतो. चार मिळायचे होते, वर एक गेला, म्हणजे पाचाचा फरक. असे चार-पाच प्रश्न झाले की राज्याच्या यादीत माणूस खूप खाली जातो. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. एका वहीत दोन रकाने करायचे, डावीकडे "ड्युटीचा आकडा", उजवीकडे "पुस्तकाचा आकडा". प्रत्येक सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फक्त उजवा रकाना वाचायचा.

अभ्यासक्रमही २०२४ पासून कापलेला आहे. पचनसंस्था गेली, ज्ञानेंद्रियं गेली. जुन्या नोट्स किंवा ताईची पुस्तकं वापरणारे जे आपल्याला छान येतं तेच घोटत बसतात, आणि नेमकं ते विचारत नाहीत. आता अकरावीच्या बायोलॉजीत १९ प्रकरणं आणि बारावीच्या १३. राज्य मंडळाचं पुस्तक समजून घ्यायला ठीक, पण शब्द एनसीईआरटीचेच पाठ हवेत. नीटचा पेपर मराठीतूनही घेता येतो, सोबत इंग्रजी मजकूर असतो आणि वाद झाला तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. आपल्या शाखांचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं असतं, तेव्हा इंग्रजी घेतलेलं बरं असं मला वाटतं.

ड्युटी सांभाळून किती अभ्यास होतो? सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, रात्र ८ ते ८ अशा पाळ्या असतील, तर दुपारपाळीचा आठवडा सोन्याचा, कारण पहाटेपासून बारापर्यंत डोकं ताजं असतं. फिजिक्स त्या आठवड्यात. सकाळपाळीत संध्याकाळी केमिस्ट्री. नाईटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका, फक्त बायोलॉजीची उजळणी. नाईट करून आल्यावर गणितं सोडवली तर वजाबाकीची चिन्हं चुकतात आणि आपल्याला फिजिक्स येतच नाही असा भलताच निष्कर्ष निघतो. सगळं धरून आठवड्याला २५ तास निघाले तर दीड वर्ष लागेल असं समजा. त्यातले शेवटचे तीन महिने बिनपगारी रजा मिळते का ते वर्षभर आधी मेट्रनकडे किंवा एचआरकडे विचारून ठेवा.

पेपर दुपारी २ ते ५. नाईट करणाऱ्यांचं शरीर या वेळेला झोपायला शिकलेलं असतं. म्हणून सराव परीक्षा दुपारी दोनलाच द्यायच्या, आणि शेवटचे चार आठवडे नाईट नको. शिवाय मे महिना, नागपूर, पारा ४४-४५ वर. दीड वाजता केंद्राचं दार बंद होतं. भर उन्हात रांगेत उभं राहायचं आहे हे धरून पारदर्शक बाटलीत पाणी, अर्ध्या बाह्या, पायात चपला. बूट चालत नाहीत.

किती गुण हवेत, या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणाऱ्याचं ऐकू नका. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी घेणारे अनेक जण होते, २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. एका वर्षाचे गुण दुसऱ्या वर्षाला लावता येत नाहीत. राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक बघा. २०२५ ला खुल्या प्रवर्गाची पात्रता १४४ वर होती. तेवढ्यात फक्त यादीत नाव येतं, सरकारी सीट त्याच्या कितीतरी वर असते. नागपुरात मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) २५० जागा, मेयोला (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) २००, मिहानमधल्या एम्सला १२५. एम्सच्या सगळ्या जागा देशपातळीवरच्या प्रवेश समितीच्या, म्हणजे एमसीसीच्या, फेऱ्यांतून जातात. मेडिकल आणि मेयोच्या १५ टक्के एमसीसीकडून, उरलेल्या राज्याच्या सीईटी सेलकडून. ७० टक्के जागा त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना देणारा ७०-३० चा प्रादेशिक हिशोब २०२० मध्येच बंद झाला, तेव्हा मुंबई-लातूरचे विद्यार्थी इथे आणि तुम्ही तिकडे, ही तयारी ठेवा.

कागदपत्रांत नोकरदारांचे घोळ वेगळे असतात. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आहे, तर फॉर्म भरण्याच्या आधीच मिटवा. बारावीनंतरच्या वर्षांसाठी खंडाचं (गॅपचं) प्रतिज्ञापत्र. शेवटच्या कॉलेजचा टीसी. मूळ प्रमाणपत्रं कामाच्या ठिकाणी जमा असतील तर निकाल लागायच्या आत सोडवून घ्या, कारण सीट मिळाल्यावर हजर व्हायला मोजके दिवस मिळतात. जात वैधता नर्सिंगच्या वेळी काढली असेल तर तीच चालते. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मात्र पुन्हा बघा. राज्यासाठी एक आणि केंद्राच्या नमुन्यातलं दुसरं, अशी दोन लागतात. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हे आरक्षण फक्त राज्यात आहे.

पगारदार उमेदवार हमखास गोंधळतात ती जागा म्हणजे उत्पन्न. नॉन-क्रिमीलेअरला आई-वडिलांची परिस्थिती बघतात, तुमचा स्वतःचा पगार धरत नाहीत. ईडब्ल्यूएसला, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाला, तुमचा, आई-वडिलांचा आणि लग्न झालं असेल तर नवरा-बायकोचाही धरतात. तुमचे महिन्याला ४५,००० आणि वडिलांची पेन्शन ३०,००० असेल तर वर्षाचे ९ लाख होतात, आणि मर्यादा ८ लाखांची आहे. हिशोब मागच्या आर्थिक वर्षाचा असल्यामुळे राजीनामा देऊनही लगेच फायदा नाही. शिष्यवृत्तीचंही तसंच. एक व्यावसायिक पदवी पूर्ण करून दुसरीला गेलेल्यांना पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीत अडचण येते. आपल्याला मिळेलच असं धरून पैशाचं नियोजन करू नका, समाजकल्याण कार्यालयात आधी विचारा.

पैशाचं म्हणाल तर सरकारी कॉलेजची फी ही खरी अडचण नाही, पगार बंद होणं ही आहे. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, तेव्हा रात्री खासगी दवाखान्यात ड्युटी करू हा बेत पहिल्या चार महिन्यांत कोसळतो. पहिलं वर्ष चार प्रयत्नांत सुटलं नाही तर कोर्सच संपतो. सरकारी कॉलेजमधून बाहेर पडल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा. २७ व्या वर्षी सुरुवात केली, पुढे एमडी करायचं ठरलं, तर ३७ च्या आसपास हात मोकळे होतात. घरावर कर्ज आहे, आई-वडील तुमच्यावर अवलंबून आहेत, तर हा हिशोब पुसून टाकता येत नाही.

अनुभव उपयोगी पडतो तो आत गेल्यावर, आणि तोही सगळ्यांना सारखा नाही. फिजिओथेरपिस्टला हातापायाची ॲनाटॉमी सोपी जाते, पोट, भ्रूणशास्त्र आणि हिस्टॉलॉजी तितकीच कोरी. लॅबवाल्यांचा फायदा दुसऱ्या वर्षी, पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीत. सिस्टर्सना औषधांची नावं आणि डोस तोंडपाठ, पण फार्मकॉलॉजीच्या व्हायवात विचारतात ते औषध कुठल्या रिसेप्टरवर काम करतं. वॉर्डात मात्र पेशंटशी बोलणं, शीर सापडणं, नातेवाईकांना शांत करणं, यात सोबतची मुलं तुमच्या कितीतरी मागे असतात. विद्यार्थी असताना इंजेक्शन भरायला हात शिवशिवले तरी सांगितल्याशिवाय पुढे व्हायचं नाही. तुमच्याहून पाच वर्षांनी लहान इंटर्न नावाने हाक मारेल, तेही चालवून घ्यायचं.

राजीनामा सीट मिळाल्यावरच द्या, पण नोटीस पीरियड किती आणि सोडताना किती पैसे भरावे लागतील हे फॉर्म भरतानाच वाचून ठेवा. सरकारी नोकरीतली अध्ययन रजा साधारण दोन वर्षांची असते, ती साडेपाच वर्षांना पुरत नाही. आणि आपल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन त्या काळातही वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहा. पहिल्या वर्षी काही बिनसलं, तर सोमवारपासून कामावर परत जाता येणं त्याच कागदावर ठरतं.